कालिकत, कलकत्ता आणि एक जर्मन कोंबडा

प्रश्न असा आहे : ‘कॅलिको’ हा कापडाचा शब्द कलकत्त्यावरून आला असं सांगतात. जर्मनमध्येही ‘कालिको’ आहे. मग जर्मन लोकांचा कलकत्त्याशी इतका जुना संबंध होता का?

नव्हता! हे कलकत्त्याचं प्रकरण मी महिन्याभरात तिसऱ्यांदा ऐकतोय. शब्द आला तो कालिकतवरून, म्हणजे केरळातल्या कोळिकोडवरून. वास्को द गामा १४९८ साली तिथे उतरला हे आपण शाळेत घोकलेलं असतं, तरी कापडाचा विषय निघाला की सगळे कलकत्त्याला जाऊन पोहोचतात. इंग्रजांनी कलकत्त्यात बस्तान बसवलं १६९० मध्ये. ‘कॅलिको’ त्याच्या शंभर वर्षं आधीपासून इंग्रजीत आहे. कापड कसलं ते सांगत बसत नाही, मांजरपाट पाहिला असेल तर अंदाज येईल. जर्मन ‘कालिको’ हल्ली मुख्यतः पुस्तकबांधणीच्या कापडाला म्हणतात. तो विषय तिथेच संपला.

जर्मन भाषेतलं खरं कालिकत कापडात नाहीच. ते कोंबड्यात आहे.

आपण ज्याला टर्की म्हणतो तो पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकात तो जर्मन शहरांत आला आणि तिथे त्याचं नाव पडलं ‘कालेकुटिशर हान’, म्हणजे कालिकतचा कोंबडा. उत्तर जर्मनीच्या बोलीत त्याचं झालं ‘कालकून’, डचमध्ये ‘काल्कून’. मेक्सिकोचा पक्षी आणि मलबारचं नाव!

इथे बहुतेक कोशकार कोलंबसकडे बोट दाखवतात : त्याने अमेरिकेलाच हिंदुस्थान मानलं, त्यातून घोटाळा झाला. मला हे मुळीच पटत नाही. कोलंबसच्या चुकीतून फार तर ‘इंडियन कोंबडा’ निघेल, आणि तेही नाव जर्मनमध्ये होतंच. पण नेमकं कालिकतच का? कोलंबस तर त्या गावाच्या जवळपासही फिरकला नव्हता.

माझ्या मते उत्तर आउग्सबुर्ग आणि न्यूर्नबर्ग या जर्मन व्यापारी शहरांच्या हिशेबवह्यांत आहे. मार्च १५०५ मध्ये पोर्तुगीज सरदार आल्मेइदाचं आरमार लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालं, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत वेल्सर, फुगर, इमहोफ, हिर्शफोगेल वगैरे जर्मन पेढ्यांचे ३६,००० क्रुझादो, म्हणजे पोर्तुगीज सोन्याची नाणी, गुंतले होते. बरोबर त्यांची माणसंही होती. त्यातला बाल्थासार श्प्रेंगर परत आल्यावर त्याच्या माहितीवरून आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायर या चित्रकाराने १५०८ मध्ये लाकडी ठशांची चित्रं छापली. आता गंमत बघा. कालिकतच्या सामुद्रीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, पोर्तुगीजांचं वैर, त्यामुळे मिरी भरली ती कन्नूर आणि कोचीनला. तरी घरी नाव गाजलं ते कालिकतचंच. म्हणजे त्या शहरांतल्या गिऱ्हाइकाला कालिकत हे गाव उरलंच नव्हतं. लांबच्या समुद्रावरून आलेल्या अस्सल, महागड्या मालावरचा तो शिक्का होता. आपल्याकडे ‘पैठणी’ म्हटल्यावर ती येवल्याला विणलेली असली तरी कोण हरकत घेतं?

पुरावा हवा? हाच बुर्कमायर दहाएक वर्षांनी सम्राट माक्सिमिलियानच्या ‘विजययात्रा’ या चित्रमालिकेसाठी ‘कालिकतचे लोक’ काढतो, आणि त्यांच्या कमरेला ब्राझीलचे पिसांचे घागरे असतात, हातात मक्याची कणसं! न्यूर्नबर्गचा चित्रकार ड्यूरर १५२१च्या सुमारास अँटवर्पमध्ये तीन गिल्डर देऊन हस्तिदंती मिठाच्या दोन डब्या घेतो आणि रोजनिशीत लिहितो ‘कालिकतच्या’. कला-इतिहासकारांच्या मते त्या पश्चिम आफ्रिकेतल्या असाव्यात. ब्राझील, आफ्रिका, मेक्सिको, सगळं कालिकत. याला नुसता घोटाळा म्हणून हातावेगळं करणाऱ्या कोशकारांनी ही चित्रं पाहिली आहेत का, असा माझा सरळ प्रश्न आहे.

आणि मिरची! ट्यूबिंगेनचा लेओनहार्ट फुक्स १५४३च्या आपल्या जर्मन वनस्पतिग्रंथात मिरचीला ‘कालेकुटिशर फेफर’ म्हणतो, कालिकतची मिरी. काही वर्षांपूर्वी कोणाला ठाऊक नसलेलं हे झाड आता जर्मनीत जिथे तिथे मातीच्या कुंड्यांत लावलेलं दिसतं, असंही तो नोंदवतो. अमेरिकेतून आलेली तिखट शेंग समोर ठेवली आणि माणसाला आठवली मिरी. मराठीनेही अगदी तेच केलं : मिरीवरून मिरची. आपल्याला फक्त कालिकत जोडावं लागलं नाही, कारण मिरी आपल्या घरचीच होती.

जर्मनीत ‘कालिकतचा कोंबडा’ पुढे मागे पडला आणि ‘ट्रुटहान’ रुळला. डेन्मार्कमध्ये मात्र अजून ‘काल्कुन’ आहे, स्वीडनमध्ये ‘काल्कोन’. आणि डचांनी तेच नाव जहाजात घालून पुन्हा पूर्वेकडे नेलं. जकार्तात आजही या पक्ष्याला ‘काल्कुन’च म्हणतात.