फुटबॉलमध्ये ९० मिनिटं झाल्यावरही खेळ का चालू राहतो? आणि अमेरिकन फुटबॉलची शेवटची दोन मिनिटं संपता संपत का नाहीत?

घड्याळ कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा.

आपल्या फुटबॉलमध्ये वेळ रेफरीची. घड्याळ शून्यापासून वर चढतं आणि मध्ये थांबत नाही. कोणी लोळत पडो, बदली खेळाडू येवो, व्हीएआरची (व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची) तपासणी चालो, ते पळतच राहतं. वाया गेलेली मिनिटं रेफरी ध्यानात ठेवतो आणि ४५ मिनिटांच्या प्रत्येक हाफच्या शेवटी भरून देतो. फलकावर ५ दिसले म्हणजे कमीत कमी पाच. त्यातही कोणी वेळ काढला तर रेफरी आणखी वाढवतो, कमी मात्र करू शकत नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकात हा हिशेब काटेकोर ठेवायचं ठरलं होतं. इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलकीपरच्या डोक्याला लागलं, आणि दोन्ही हाफ मिळून सुमारे २७ मिनिटं जास्त खेळली गेली. (आमच्या घणसोलीच्या टर्फवर हे लाड नाहीत. पुढच्या स्लॉटची पोरं जाळीबाहेर बूट बांधून तयार असतात.)

एक्स्ट्रा टाइम हे प्रकरण वेगळं. ते फक्त बाद फेरीत, बरोबरी झाली तर. १५-१५ मिनिटांचे दोन भाग, गोल झाला तरी पूर्ण खेळायचे, मग पेनल्टी. मधल्या काळात गोल्डन गोल होता, म्हणजे पहिला गोल झाला की सामना खलास. त्याच्या धास्तीने संघ पुढे जायलाच घाबरायचे. २००४ च्या युरोनंतर तो नियम गेला, आणि बरंच झालं. नाहीतर २०२२ ची फायनल मेस्सीच्या १०८ व्या मिनिटाच्या गोलवरच संपली असती, एम्बापेचा ११८ व्या मिनिटाचा गोल झालाच नसता. सगळ्या स्पर्धांत एक्स्ट्रा टाइम असतोच असंही नाही. २०१७ च्या अंडर-१७ विश्वचषकाचे काही सामने नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर झाले. त्या स्पर्धेत बाद फेरीत बरोबरी झाली की थेट पेनल्टी होत्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये वेळ खर्च करतात संघच. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, १५ मिनिटांचे चार क्वार्टर, घड्याळ उलटं. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. शेवटच्या मिनिटांत चेंडू घेऊन रेषेबाहेर गेलं तरी थांबतं. शिवाय प्रत्येक संघाला दर हाफमध्ये तीन टाइमआउट. म्हणून मागे पडलेला संघ कडेकडेने पास टाकून सेकंद वाचवतो. पुढे असलेला चेंडू मधूनच पळवतो, आणि अगदी शेवटी क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) नुसता गुडघा टेकून चाल संपवतो. घड्याळ चालूच राहतं, आणि समोरच्याचे टाइमआउट संपले असतील तर त्याला काही करता येत नाही. दोन चालींच्या मध्ये साधारण ४० सेकंदांचं आणखी एक घड्याळ असतं, कबड्डीतल्या ३० सेकंदांच्या चढाईसारखं. तेवढ्यात चाल सुरू झाली नाही तर दंड. या खेचाखेचीत ६० मिनिटांचा सामना तीन तास खातो.

त्यांचा ओव्हरटाइम मला बरीच वर्षं अन्यायाचा वाटायचा. नाणेफेक जिंकून चेंडू मिळालेल्या संघाने पहिल्याच संधीत टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोल रेषेपार नेला, की खेळ संपला. २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, अटलांटा २८-३ ने पुढे होती. न्यू इंग्लंडने बरोबरी साधली, नाणेफेक जिंकली, टचडाउन केला. ओव्हरटाइममध्ये अटलांटाच्या हातात चेंडू एकदाही आला नाही. २०२२ च्या जानेवारीत बफेलोचंही तेच झालं, तेव्हा कुठे प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, नियम बदलला. आता दोन्ही संघांना एकेक संधी मिळते, आणि २०२५ पासून साखळी सामन्यांतही. साखळीत ओव्हरटाइम १० मिनिटांचाच, त्यामुळे बरोबरी होऊ शकते. प्लेऑफमध्ये निकाल लागेपर्यंत खेळतात.

सुपर बोल बघायचा विचार असेल तर आपल्याकडे तो सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. ओव्हरटाइम लागला तर ठाण्याहून साडेआठची लोकल विसरा.