इच्छा नसलेल्या माणसावर सरकारने सत्ता चालवणे नैतिक ठरू शकते का?

ठरू शकते, पण फार थोड्या बाबतीत. 'देशात राहता, म्हणजे संमती आहेच' हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो, कारण ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपतच नाही, त्याच्या राहण्याला संमती म्हणता येत नाही. नकारामुळे तिसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचत असेल, तेव्हा मात्र सक्तीला आधार मिळतो.

तरीही तो आधार पुरेसा नसतो, हे 1897 च्या पुण्यातील प्लेगच्या काळात दिसले. प्लेग निवारणासाठी नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याच्या कारभारात गोरे सोजीर घराघरांत, अगदी देवघरापर्यंत शिरून झडती घेत, रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या नातेवाइकांना विलगीकरण छावणीत नेत. साथ आवरणे हा हेतू रास्तच होता. परंतु ज्यांच्यावर सक्ती होत होती त्यांना तिच्याविरुद्ध दाद मागायला परिणामकारक जागा नव्हती. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावण्यासही मनाई केली होती. शिवाय गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये दाखवले, म्हणजे ज्या ज्ञानाच्या बळावर घरे उपसली गेली तेच अपुरे होते.

म्हणून सक्ती करणाऱ्याने धोका खरा असल्याचे आणि सौम्य उपाय पुरेसा नसल्याचे स्वतः सिद्ध करावे, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याची सोय सक्ती सोसणाऱ्याच्या हाती असावी. या अटी पाळल्या, तर नाखूश माणसावरील सत्तेलाही मी अन्याय म्हणणार नाही.