'अन्न' या विषयावर वस्तीतल्या लोकांचं कलाप्रदर्शन भरवतोय. खरे पदार्थ ठेवावेत की फक्त चित्रं?

खरे पदार्थ ठेवा. फक्त चित्रंच लावायची असतील तर विषय बदला. तुम्ही लिहिलंय की समितीतल्या काही जणांना पदार्थ म्हणजे कला वाटत नाही, म्हणून पदार्थांसाठी दाराबाहेर वेगळं टेबल मांडायचा विचार आहे. ते 'वेगळं टेबल' वाचलं आणि गप्प बसवेना.

बारा वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी गणपतीत असंच प्रदर्शन भरलं होतं. विषय हाच, आणि 'गावातल्या कुणीही, काहीही आणावं' असं पत्रक घरोघर आलं होतं. त्या वर्षी जानेवारीत माझ्या वहिनीची पहिली संक्रांत झाली होती. तिच्यासाठी आईने हलव्याच्या दागिन्यांचा पूर्ण संच केला होता: मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बिंदी. घट्ट झाकणाच्या डब्यात जपून ठेवलेला तो संच आईने प्रदर्शनाला दिला.

विकतचा हलवा सगळ्यांनी पाहिलाय, घरचा करताना फार थोड्यांनी. मंद निखाऱ्यावर परात, परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. साखरेच्या पाकात दूध घालून मळी काढायची, पाक गाळून घ्यायचा. मग चमचा-चमचा पाक सोडत बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, निखारा जास्त झाला तर पिवळे पडतात. एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. आई हे पाच दिवस करायची, पहाटे, कारण कोरड्या थंडीतच काटा येतो. आभाळ आलं की ती परात उतरवून ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याला अंकुरासारखी टोकं फुटायला लागली की मला हाक मारायची, "ये गं, काटा आला बघ." बोटांची टोकं तोवर लाल झालेली असायची. नंतर दागिने. दाण्यात सुई घातली तर तो फुटतो, म्हणून दोऱ्याचा फास करून एकेक दाणा त्यात आवळायचा. फास काट्यातच अडकून बसतो. एका मंगळसूत्रात असे किती फास असतील ते मोजायला बसा, संध्याकाळ होईल.

निवड समितीत एक निवृत्त चित्रकलाशिक्षक होते. त्यांनी संच पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, सुरेख आहे, पण ही कला नव्हे, ही हौस." आई "बरं" म्हणाली. संच दाराबाहेर, चहाच्या थर्मासशेजारच्या टेबलावर गेला. आत सभागृहात कॅलेंडरवर पाहून काढलेली फळांच्या टोपलीची तीन तैलचित्रं होती. आईने काचेची पेटी मागितली होती, ती मिळाली नाही. भाद्रपदातली दमट हवा, वर हॅलोजनचा दिवा. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या, तिसऱ्या दिवशी काटे विरघळून दाणे गुळगुळीत झाले आणि तन्मणी खाली ओघळला. पुढ्यातल्या कार्डावर नाव होतं माझ्या वडिलांचं. त्यांनी आयुष्यात परातीला हात लावलेला नाही.

सर तेव्हा म्हणाले होते, "पाहा, टिकत नाही, म्हणून तर बाहेर ठेवलं." या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते. वारली चित्रं शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढत. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, लिहायचा मान सुवासिनींचा. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. 1970च्या दशकात हीच चित्रं कागदावर आली, जगभर गेली आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. हा मान योग्यच होता. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी भिंती लिहिल्या त्या बायकांची कला काय कमी होती? परदेशातलंच उदाहरण हवं असेल तर रिरक्रित तिरावनिजा या थाई कलाकाराने 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत भाजीची करी रांधली आणि येईल त्याला फुकट वाढली. जेवण संपलं की संपलं. कलेच्या इतिहासात त्याची नोंद आहे. गॅलरीत पुरुषाने रांधलं तर कला आणि शेगडीपुढे आईने पाच दिवस बोटं पोळून घेतली तर हौस, हे मला मान्य नाही.

त्याच बाहेरच्या टेबलावर आणखी एक वस्तू होती, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, चेपलेली ताटली. गावातल्या एका आजोबांनी आणलेली. 1972च्या दुष्काळात ते लहान होते, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे आणि त्या ताटलीत सुकडी, म्हणजे तिथे वाटला जाणारा कोरडा खाऊ, घ्यायचे. तीनही दिवस ते ताटलीशेजारी उभे राहून येणाऱ्याला हे सांगत होते, रेशनवरच्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीची चवही सांगत होते. आतल्या एकाही चित्रापुढे एवढी माणसं थांबली नाहीत. तुमच्या वस्तीतही अशी ताटली कुणाकडे तरी असेल, ती मागून आणा. फक्त भरलेली ताटं मांडलीत तर विषय अर्धाच राहील.

निवड कशी करावी, हेही तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: वस्तीचं प्रदर्शन असेल तर निवड समिती नकोच. जो आणेल त्याला जागा द्या. जागा कमी पडली तर प्रत्येकी एकच वस्तू घ्या, पण आत-बाहेर करू नका. रुखवत, कुरडया, सांडगे, धान्याची रांगोळी, चित्रं, फोटो, सगळं एकाच भिंतीला, एकाच उजेडात. कार्डावर करणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याखाली काय वापरलं आणि किती दिवस लागले. बाईने केलं असेल तर बाईचंच नाव. कुणाच्या सौजन्याने वगैरे लिहायचं नाही.

चित्रं काढणाऱ्यांवर माझा राग नाही, हे सांगायला हवं होतं आधीच. माझा मुलगा चित्रं काढतो. आणि अन्नाची नासाडी होते असं म्हणणाऱ्यांचं मला थोडंफार पटतं, म्हणून रांगोळीचं धान्य नंतर पाखरांना घाला आणि शिजवलेला पदार्थ रोज ताजा, अगदी थोडा ठेवा. साखरेचं काही असेल तर बंद काचेच्या पेटीत, टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, वर हॅलोजन नको. तारीख अजून ठरली नसेल तर जानेवारीत घ्या. हलवा करणारं कुणी मिळालं तर आठवडाभर आधी सांगून ठेवा.