जखम अर्ध्या इंचाची, मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ५८ वर्षांची, शुगर आहे. १५ दिवसांपूर्वी कपाशीच्या वावरात बांधावरून घसरली, हातावर पडली आणि मनगटापाशी करंगळीच्या बाजूला हाड टोचून चामडी फाटली. जखम अर्धा इंचही नव्हती, घरी हळद भरून कापड बांधून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी जखम अजून चिरून मोठी केली, टाके न घालता उघडी ठेवली, बाहेरून सळया लावल्या आणि २ दिवसांनी परत ऑपरेशनला आत घेतलं. आता सळयांपाशी पाणी येतंय. नातेवाईक म्हणतात उगाच वाढवून ठेवलं, सळया काढा आणि हाडवैद्याकडे न्या. काय करू? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, सळया काढू नका, हाडवैद्याकडे तर अजिबात नेऊ नका. आणि जखम मोठी केली ते बरोबरच केलं. बाहेर दिसते ती नुसती भोकाएवढी जागा असते हो, पडताना हाड क्षणभर बाहेर येतं, चिखलाला लागतं आणि परत आत सरकतं, जाताना माती, शेणखत, बाहीचे धागे असं सगळं सोबत घेऊन जातं, ते वरून धुऊन निघत नाही. हाड मोडून चामडी फाटली की त्याला उघडं फ्रॅक्चर म्हणतात, अशा जखमा आम्ही गस्टिलो नावाच्या पद्धतीने मोजतो, १ सेंटीमीटरच्या आत पहिला प्रकार, १० पर्यंत दुसरा, पण वावरातल्या मातीने भरलेली जखम कितीही छोटी असू द्या, ती तिसऱ्या म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारातच धरतात. त्या मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे जंतू असतात, त्यांना हवा नको असते, मेलेलं मांस आत ठेवून वरून घट्ट टाके मारले की त्यांचं आयतंच फावतं. म्हणून आधी मेलेला भाग कापून काढायचा, भरपूर सलाईनने धुवायचं, जखम उघडी ठेवायची आणि २ दिवसांनी परत बघायचं. दुसऱ्यांदा आत घेतलं ते यासाठीच. प्लेट न लावता बाहेरून सळया लावल्या तेही त्याच कारणाने, घाण जखमेत लोखंड जितकं कमी तितकं बरं.

पूर्वी ६ तासांच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे असं मानायचे. आता कळलंय की अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन लवकर, जमलं तर तासाभरात मिळणं जास्त महत्त्वाचं, धुणं २४ तासांत चालतं, पण अशी मातीने भरलेली जखम असेल तर थांबायचं नाही, लगेच. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं का ते कागदावर बघून घ्या.

सळयांपाशी थोडं पातळ पाणी येणं सुरुवातीला चालतं. पण पू आला, वास आला, लाली पसरत चालली, ताप आला, सळई हलायला लागली किंवा कमी झालेलं दुखणं परत वाढलं तर त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर वाटली तरी सांगा, मनगटातून जाणारी नस दाबली जात असू शकते. आता शुगर ताब्यात ठेवणं हे औषधाइतकंच मोठं काम आहे, आणि आई खर्रा किंवा मिश्री घेत असेल तर बंद करा, तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो. बोटं मात्र रोज हलवायला लावा, नाहीतर हाड जुळतं आणि मूठ वळत नाही. एक दिलासा देतो, मनगटाला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरपेक्षा इथे इन्फेक्शन कमी होतं.

हाडवैद्याला नाही म्हणतोय कारण कामट्या घट्ट आवळून रक्त थांबलेले, बोटं काळी पडलेले हात मी पाहिलेत. हळदीचं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही मायेनंच भरली. वावरात परत कुणाचं असं झालं तर हाड आत ढकलायचं नाही, जखमेत काही भरायचं नाही, स्वच्छ ओलं कापड ठेवून पुठ्ठ्याचा आधार बांधायचा, हात सुजायच्या आत बांगड्या-अंगठी काढायची, खायला-प्यायला द्यायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा.