लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलून मिळतं का हो? (वाचकांचे प्रश्न)

यावेळी गेमिंग लॅपटॉपवरच एवढे प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत, प्रिंटरवाल्यांनी रागावू नका.

प्रश्न : दादा, माझ्याकडे आरटीएक्स ३०५० चा (एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्सचा) लॅपटॉप आहे, ४ जीबी ग्राफिक्स मेमरीवाला. नवीन गेम अडकायला लागलेत. इथला एक दुकानदार म्हणतोय २५ हजारात त्याच्या वरचं ४०६० टाकून देतो, वर जुनं कार्डही घेतो. टाकू का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : अजिबात नको. त्याला एवढंच म्हणा की आधी जुनं कार्ड काढून हातात दे, मग बघा काय उत्तर येतं. तुमच्या लॅपटॉपात कार्ड म्हणून वेगळं काही नाहीच, ग्राफिक्सची चिप आणि तिच्या आजूबाजूची मेमरी थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. फार तर तो त्याच मॉडेलचा वरच्या चिपचा अख्खा मदरबोर्ड कुठूनतरी सेकंडहँड आणून बसवेल, पण मग हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) त्या चिपच्या मापाचा हवा, चार्जर मोठा हवा, बॅटरी-कीबोर्डाचे कनेक्टर जुळायला हवेत, आणि एवढं करून सहा महिन्यांनी स्क्रीन काळी झाली की तो फोन उचलणार नाही.

पूर्वी मात्र हे व्हायचं. एनव्हिडियाने २००४ मध्ये एमएक्सएम नावाचं स्टँडर्ड आणलं होतं, छोटंसं वेगळं बोर्ड, स्क्रू काढले की बाहेर. कागदावर मस्त. प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीची कूलिंगची रचना वेगळी, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसलं तरी बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ते ओळखायचं नाही, आणि सुटी कार्डं इतकी महाग की त्यापेक्षा जुना विकून नवा लॅपटॉप घेतलेला बरा वाटायचा. त्यात लोकांना लॅपटॉप पातळ हवे झाले, मग कनेक्टर आणि वेगळं बोर्ड यांना जागा कुठून आणणार.

२०१९ च्या जानेवारीत डेलने एलियनवेअर एरिया-५१एम आणला तेव्हा परत आशा वाटली होती, डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि काढता येणारं ग्राफिक्स, पण ते डेलच्या स्वतःच्या मापाचं. खालचं कार्ड घेतलेल्यांना त्याच पिढीतलं वरचं कार्ड मिळालं, पण पुढच्या वर्षी आरटीएक्स सुपर कार्डं आली ती नवीन आर२ मॉडेलात, जुन्यात ती बसवायची सोय नाही. अपग्रेडच्या नावाखाली फसवलं म्हणून २०२१ मध्ये अमेरिकेत कंपनीवर दावाही लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तुमच्या दुकानदाराचं काय घेऊन बसलात.

तुम्ही काय करा, गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर (वस्तूंवरची बारीक चित्रं) हायवरून मीडियमवर आणा, कारण तुमचं दुखणं बहुतेक त्या ४ जीबीतच आहे, ती भरली की गेम अडकणारच. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) चालू करा. आणि खालचं झाकण उघडून रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला दुसरी तशीच टाका, दोन पट्ट्यांनी गेममध्ये खरंच फरक पडतो (सध्या रॅम महाग झालीय, पण २५ हजार नक्कीच नाही). आणि ते २५ हजार मोडू नका, पुढच्या मशीनला कामी येतील.

प्रश्न : दोन लॅपटॉप बघितले, दोन्हीत ४०६०, दोन्हीत तोच प्रोसेसर, तरी किमतीत १५ हजारांचा फरक. महागवाला फक्त ब्रँडचे पैसे घेतोय का? (नाशिक)

उत्तर : असूही शकेल, पण आधी वॉट बघा. लॅपटॉपमधल्या ४०६० ला कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही पॉवर देऊ शकते आणि बॉक्सवर सगळीकडे नाव एकच. पूर्वी कमी पॉवरच्या चिपच्या नावात मॅक्स-क्यू लिहिलेलं असायचं तेवढं तरी कळायचं, २०२१ पासून तेही नावातून गेलं. शोरूममध्ये डेमो लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्पमध्ये सिस्टिम इन्फर्मेशनला जा, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. सेल्समन वैतागला तर वैतागू दे. ६० वॉटवाला दिसला तर सोडा, १०० च्या आसपास असेल तर घ्या, त्याच्या वर ४०६० ला फारसा फायदा होत नाही, नुसता पंख्याचा आवाज वाढतो, त्यामुळे १०० आणि ११५ मधल्या फरकासाठी १५ हजार देऊ नका.

नावावर भाळू नका हे वरच्या कार्डांना तर जास्तच लागू आहे. लॅपटॉपची ४०९० आणि डेस्कटॉपची ४०९० या वेगळ्याच चिप्स आहेत, डेस्कटॉपला २४ जीबी आणि ४५० वॉट, लॅपटॉपला १६ जीबी आणि १५० च्या आसपास. नवीन ५०७० चंही तेच, डेस्कटॉपला १२ जीबी आणि लॅपटॉपला ८. म्हणजे व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) ४०६० एवढीच, आणि ती नंतर वाढत नाही, म्हणून चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर ५०७० वर जादा पैसे घालण्याआधी १२ जीबीवाला ५०७० टीआय बजेटात बसतो का ते बघा, नाहीतर सरळ खालचा घ्या. मधला घेऊन हळहळणारे फार भेटतात.

प्रश्न : मुलगा यंदा मेकॅनिकलला गेलाय. सॉफ्टवेअरसाठी गेमिंग लॅपटॉपच लागतो म्हणतो. खरं आहे का थाप मारतोय? (एक आई, सातारा)

उत्तर : काकू, अर्धं खरं आहे. कॅडची (यंत्रांचे आराखडे काढायची) सॉफ्टवेअर्स साध्या लॅपटॉपवर रडतात, पण त्यांना मुख्यतः चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम लागते, ग्राफिक्स ६ जीबीचं असलं तरी कॉलेजचं काम आरामात होतं. दीड लाखाचा दाखवत असेल तर त्यातला वरचा भाग गेमचा आहे असं समजा. खेळू दे हो, पण तेवढ्यापुरते पैसे त्याने दिवाळी-वाढदिवसाचे घालावेत. दुसरं म्हणजे हे मशीन दोन-सव्वादोन किलोचं, वर विटेएवढा चार्जर, आणि लेक्चरला बॅटरी फार टिकत नाही. तो घरूनच जाऊन-येऊन करणार असेल तर घरी डेस्कटॉप आणि पाठीला हलका सेकंडहँड लॅपटॉप ही जोडी मी कधीही निवडेन, डेस्कटॉपचं कार्ड दोन स्क्रूत बदलतं. हॉस्टेलला असेल तर मात्र लॅपटॉपच.

प्रश्न : लॅपटॉपला थंडरबोल्ट ४ (वेगवान टाइप-सी पोर्ट) आहे, बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड लावता येईल का? ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) आणि थोडं गेमिंग. (पुणे)

उत्तर : येईल, आणि ब्लेंडरसाठी तर बऱ्यापैकी चांगलं चालेल. अडचण वायरची आहे, थंडरबोल्ट ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट, त्यातले कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२, आणि डेस्कटॉपमधल्या कार्ड बसवायच्या चौथ्या पिढीच्या सोळा लेनच्या (पीसीआयई) स्लॉटला साधारण २५० मिळतात. रेंडर करताना (अंतिम चित्र बनवताना) सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचं गणित कार्डातच होतं म्हणून फारसं अडत नाही, पण गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांची देवाणघेवाण सतत चालू असते, तिथे मार बसतो. मॉनिटर बाहेरच्या कार्डालाच जोडा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर चित्र परत आणलंत तर तीच वायर दोन्हीकडून भरते. ऑक्युलिंक (बाहेरच्या कार्डासाठीचं वेगळं पोर्ट) हा पर्याय वेगवान आहे, ६४ गिगाबिट, पण ते पोर्ट मोजक्याच मशीनवर असतं आणि चालू असताना काढ-घाल करायची नाही.

खर्चाचं बघा पण. बाहेरचं कार्ड ठेवायचा डबा, पॉवर सप्लाय, कार्ड एवढं जमल्यावर डेस्कटॉपला फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेटच उरतं. लॅपटॉप घेऊन रोज फिरत असाल तरच डब्याला अर्थ आहे. आणि टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे थंडरबोल्ट असतोच असं नाही, शेजारी विजेची खूण आहे ना बघून घ्या.

प्रश्न : गेम खेळताना प्रोसेसर ९५ डिग्रीला जातो. जळेल का? (अकोला)

उत्तर : जळणार नाही, हद्द आली की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणून तर फ्रेम पडतात (गेम अडखळतो). अकोल्यात मे महिन्यात खोलीच ४० डिग्री, तिथे लॅपटॉपने काय करावं! गादीवर ठेवू नका, मागची बाजू उचलून ठेवा, पंख्यातली धूळ काढून घ्या, तीनेक वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. बाकी दुपारी झोपा, रात्री खेळा.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येतोय. फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉप १६ चं ग्राफिक्स बदलता येतं म्हणतात, मागवू का? (ठाणे)

उत्तर : हे मात्र खरं आहे. मागच्या बाजूला ग्राफिक्सचं आख्खं मॉड्यूल पंख्यासकट निघतं. २०२४ मध्ये एएमडीचं रेडिऑन आरएक्स ७७००एस मिळायचं आणि २०२५ मध्ये त्यांनी त्याच बॉडीत बसणारं आरटीएक्स ५०७० काढलं, ६९९ डॉलरला. एक पिढी पुढचं कार्ड जुन्या लॅपटॉपात, हे करून दाखवलं त्यांनी. पण दोन्हींत व्हीरॅम ८ जीबीच, आणि तेवढ्या पैशात इथे त्याहून दणकट साधा गेमिंग लॅपटॉप येतो, आणि काही बिघडलं की पार्टसाठी परत भावाचीच वाट बघायची. स्वतः स्क्रूड्रायव्हर धरायची हौस असेल तर जरूर मागवा, नुसते गेम खेळायचे असतील तर नको.

मागवलात तर, अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटी न भरता आणता येतो, त्यामुळे भावाचा स्वतःचाही लॅपटॉप सोबत असेल तर दोन होतील, ते आधीच बघून घ्या. बॅटरी ८५ वॉट-अवरची आहे, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते, फक्त केबिन बॅगेत ठेवायला सांगा. चार्जर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, भिंतीकडची वायर तेवढी इथली घ्या.