'लीव्ह' या इंग्रजी क्रियापदाचे फ्रेंचमध्ये भाषांतर कसे करावे?

शब्दकोशात 'लीव्ह'पुढे पार्तीर, किते, लेसे, सॉर्तीर असे अनेक फ्रेंच शब्द दिसतात, त्यांतला कोणता केव्हा घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करते, आणि माझा सल्ला असा की इंग्रजी वाक्य आधी मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे, कारण इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले अर्थ मराठीत निघणे, सोडणे, ठेवणे, उरणे असे मुळातच वेगळे असतात.

'गाडी सहाला निघते' येथे पार्तीर येते, 'मी नोकरी सोडली' येथे किते. खोलीतून बाहेर पडायचे असेल तर सॉर्तीर. कितेला कर्म लागते, हे मात्र विसरू नये. शिकत असताना एका निबंधात मी 'ज कित आ सीझर', म्हणजे 'मी सहा वाजता सोडते', असे लिहिले होते. बाईंनी समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, 'क्वा?', अर्थात 'काय?'. जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवणे, दार उघडे ठेवणे, निरोप ठेवणे या तिन्ही ठिकाणी लेसे चालते. पाव उरला असेल तर 'इल रेस्त द्यू पें', म्हणजे रेस्ते हे आणखी वेगळे क्रियापद.

मराठीचा हा आधार एका ठिकाणी फसवतो. 'मुलाला शाळेत सोडले' यासाठी देपोझे वापरावे. माणसाच्या बाबतीत किते म्हटले की बहुधा नाते तोडल्याचा अर्थ निघतो.

भूतकाळात मात्र मराठी पुन्हा मदतीला येते, आणि मला हा भाग फार आवडतो. 'मी निघाले' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, 'मी नोकरी सोडली' यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही पार्तीरला एत्र हे साहाय्यक क्रियापद लागते आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून 'ज स्वी पार्ती' लिहिताना स्त्रीने शेवटी एक जादा 'ई' अक्षर जोडायचे असते. किते आणि लेसे यांना आव्वार लागते. तेथे रूप कर्त्याकडे पाहत नाही, पण कर्म आधी आले तर त्याप्रमाणे बदलते. 'मी सोडलेले घर' म्हणजे 'ला मेझों क जे किते', आणि फ्रेंचमध्ये घर स्त्रीलिंगी असल्यामुळे येथेही ते जादा अक्षर हवे. ते कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे लिहिताना हमखास राहून जाते.