इंदूरची लोकल जीन्स घ्यावी का? आधी ती उलटी करून बघा

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे सांगलीहून इंदूरला आलात, कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी राजवाड्याजवळून इथेच शिवलेली जीन्स ६५० रुपयांना घेतलीत, दुकानदार ‘ब्रँडवालाच कपडा आहे’ म्हणाला, आणि चार महिन्यांत ती मांड्यांमध्ये फाटली. आता मॉलमधली २२०० ची घ्यावी, की लोकलमध्येच चांगली ओळखता येते, असा तुमचा प्रश्न आहे.

मी जीन्स विकत नाही. गेली १९ वर्षं मी इथे घरूनच कपडे अल्टर आणि दुरुस्त करून देते. त्यामुळे माझ्याकडे जीन्स येते ती कुठेतरी हरल्यावरच. कुठली शिलाई आधी सुटते, कुठला खिसा आधी जातो, हे मला दुकानदारापेक्षा जास्त दिसतं. त्यावरून सांगते: लोकल जीन्स चांगली मिळते, अगदी नक्की मिळते. पण ती बाहेरून ओळखता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या ती उलटी करा, तिथेच अर्धा निकाल लागतो.

आधी कपड्याबद्दल, कारण दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं असू शकतं. इंदूर एके काळी गिरण्यांचं गाव होतं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही गेल्या. आज ‘इंदूरची जीन्स’ म्हणजे इथे कापलेली आणि शिवलेली जीन्स. तिचं डेनिम बहुतेक करून बाहेरून येतं, मुख्यतः अहमदाबादकडून. आपल्या यवतमाळजवळही डेनिमची मोठी गिरणी आहे. इथल्या परदेशीपुऱ्यातल्या छोट्या युनिटमध्ये आणि मोठ्या ब्रँडच्या कारखान्यात एकाच गिरणीचा कपडा जाऊ शकतो. फरक ताग्यात असतो. गिरणीत तागे तपासून दोषांप्रमाणे वेगळे काढतात. बिनदोषाचा माल करार असलेल्याला जातो. डाग, गाठी, शेडचा फरक असलेला माल आणि उरलेले तुकडे स्वस्तात बाजारात येतात. म्हणून नुसतं गिरणीचं नाव ऐकून काही ठरवू नका. दोन्ही पाय शेजारी धरून उजेडात बघा. एक पाय किंचित हिरवट आणि दुसरा निळा दिसला, किंवा कमरेच्या पट्टीचा रंग पायांशी जुळत नसला, तर वेगवेगळ्या ताग्यांचे तुकडे एकत्र आलेत. धुतल्यावर तो फरक आणखी उघडा पडतो.

वजनासाठी एक युक्ती. डेनिम औंसात मोजतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. दुकानदार ‘बारा औंस’ सांगेल, तुम्ही जीन्सच तोलून बघा. ३२ नंबरची पूर्ण लांबीची जीन्स ५०० ग्रॅमच्या आसपास भरली तर कपडा हलका, नऊ औंसाच्या जवळचा. ६५० ते ७०० भरली तर बारा औंसाची गोष्ट पटण्यासारखी. मात्र जड म्हणजे उत्तम असं समजू नका. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, कॉलेजच्या मुलाला दहा-अकरा औंस पुरे.

लायक्राचं, म्हणजे ताणणाऱ्या धाग्याचं, मात्र नीट बघा, कारण तुमच्या मुलाची जीन्स फाटण्यात त्याचाही हात असू शकतो. गुडघ्याजवळ कपडा आडवा ताणा, दहा आकडे मोजा आणि सोडा. लगेच जागेवर आला तर ठीक. पोक राहिला तर महिन्याभरात गुडघे लोंबणार. लायक्रा एक-दोन टक्के असावा. फार ताणणाऱ्या जीन्समध्ये कित्येकदा पॉलिएस्टरही बरंच असतं. कपडा चकचकीत आणि हाताला गार, निसरडा लागला की शंका घ्या. घरी आल्यावर आतल्या शिलाईतला कपड्याचा सुटा धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

रंग जातो म्हणून लोक फार घाबरतात. ओल्या रुमालाने घासल्यावर थोडा निळा रंग लागणारच. नीळ धाग्याच्या वरच्या थरावर बसते, आतला गाभा पांढराच राहतो, आणि त्यामुळेच जीन्स वापरून सुंदर उतरते. तो दोष नाही. कोरड्या रुमालालाही भरपूर रंग लागला तर मात्र ती रंगवून नीट धुतलेली नाही. काळ्या जीन्सचं वेगळं असतं. तिला बहुधा सल्फरचा रंग देतात, आणि नंतरची धुलाई नीट झाली नाही तर कपाटात ठेवल्या ठेवल्या कपडा कमकुवत होतो. एका काकूंनी मुलाची जेमतेम दोनदा घातलेली काळी जीन्स आणली होती. मी शिलाई उसवायला घेतली तर कपडाच कागदासारखा फाटत गेला. मला ती वाचवता आली नाही, आणि त्यांना ते पटवून देताना मलाच फार वाईट वाटलं. तेव्हापासून स्वस्तातली काळी जीन्स मी कोणालाच सुचवत नाही. मुद्दाम फाडलेल्या, मांडीवर पांढऱ्या केलेल्या जीन्सही नको. त्यांचं अर्धं आयुष्य वॉशिंगमध्येच खर्च झालेलं असतं.

आता उलटी करा. पहिली नजर आसनावर, जिथे चारही शिलाया एकत्र येतात. तिथे धागे तुटक असले, कपड्याच्या घड्या नीट चेपल्या नसल्या, की ती जीन्स तिथेच ठेवा. दोन्ही हातांनी शिलाई आडवी ओढा. फटीतून उजेड दिसला तर धागा बारीक आहे किंवा टाके लांब आहेत. एका इंचात सात-आठ टाके हवेत. पाचच भरले तर घाई झालीय. कारागिराला दोष देऊ नका, त्याला नगावर पैसे मिळतात, किती मिनिटं द्यायची हे मालक ठरवतो.

मग खिसे. लोक इथेच फसतात. समोरच्या खिशात हात घालून पिशवी बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर मोबाईल आणि किल्ल्या सहा महिन्यांत ती फाडतील. माझ्याकडे सर्वांत जास्त येणारं काम हेच आहे, आणि जोडी बदलायचे मी १२० रुपये घेते. खिशांच्या तोंडाशी, चेनच्या खाली आणि लूपवर बारटॅक, म्हणजे आडवी घट्ट टाचलेली शिलाई, आहे का बघा. खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकतात त्या तांब्याच्या रिव्हेटचा शोधही याच दुखण्यातून लागला. अमेरिकेतल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस मजुरांच्या विजारींचे खिसे उसवू नयेत म्हणून रिव्हेट ठोकायचा, आणि कापडाचा व्यापारी लेवी स्ट्रॉस याच्याबरोबर त्याला २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळालं. शिंप्याने शोधलेली गोष्ट म्हणून मला तिचं फार कौतुक आहे. बाजारात मात्र पुष्कळ रिव्हेट नुसते शोभेचे असतात. लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजाचा डाग पडणार. चेन पाच-सहा वेळा वरखाली करा, अर्ध्यावर सोडून ओढून बघा. स्वतःहून घसरली तर नको. त्यावर वायकेके, म्हणजे नावाजलेल्या जपानी चेन कंपनीचं नाव, कोरलंय एवढ्यावरून ती खरी मानू नका.

शेवटी जीन्स टेबलावर पसरा आणि बाहेरची शिलाई बघा. ती पायाच्या मोहरीजवळ पुढे सरकलेली असेल तर कपडा तिरका कापलाय. धुतल्यावर पाय आणखी पिळवटतो, आणि हे माझ्या मशीनवर दुरुस्त होत नाही. लेबलवरचा नंबरही टेपने पडताळा, लोकलमध्ये ३२ लिहिलेली ३४ निघते.

किमतीचा हिशेब मी असा करते. एका जीन्सला ५८ इंच पन्ह्याचा साधारण सव्वा मीटर कपडा लागतो. मीटरमागे ६० रुपये जास्त देऊन बरा कपडा घेतला, तरी जीन्समागे ७५ रुपयेच वाढतात. चांगला धागा, घट्ट खिसा, पितळी चेन यांचे आणखी थोडे. म्हणून ६५० आणि ९०० मध्ये मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, पण ९०० आणि २२०० मध्ये तेवढा दिसत नाही. तिथे पुढचे पैसे मुख्यतः दुकानाच्या भाड्याचे, जाहिरातीचे आणि नावाचे. मॉलमध्ये दर वेळी तोच नंबर तसाच बसतो आणि बदलून मिळतो, हे मात्र खरं. मुलाचा बांधा वेगळा असेल, कंबर बारीक आणि मांड्या भरलेल्या, तर तिथे जाणं मला चूक वाटत नाही. नाहीतर ८०० ते १००० मध्ये गडद निळी, साधी, न फाडलेली लोकल जीन्स घ्या. घेतल्यावर एकदा धुवा आणि मगच खालून कापायला द्या. चांगल्या कपड्यालाही ४० इंचात एक इंच आटायची मुभा द्यावी लागते.

फाटलेली टाकू नका. मांड्या घासून कपडा जातो त्याआधी तिथे पांढरट विरळ जाळी दिसते. त्या वेळी आणली असती तर आतून डेनिमचा तुकडा लावून मशीनने रफू करता आला असता, बाहेरून कळलंही नसतं. आता भोक किती मोठं आहे त्यावर आहे. तळहाताहून लहान असेल तर अजून होईल. फक्त आणण्याआधी धुऊन आणा, आणि इस्त्री करू नका, म्हणजे मूळ घडी आणि धाग्याची दिशा मला दिसेल.